खाडीला न सांगितलेलं नाव

"साहेब, पौर्णिमेच्या उधाणात बांधाला पडलेली खांड बांधायचा हुकूम तुम्ही काढलात. कागद तुमचा, तारीख तुमची, सही तुमची. आणि बांध वाहून गेल्यावर शेरा काय मारलात, तर मजुरांचा हलगर्जीपणा! अहो, पाणी चढलं तेव्हा छातीएवढ्या चिखलात कोण उभं होतं? तुमची खुर्ची? अर्ध्या शिवाराचा निसवलेला भात खारवलात तो तुम्ही, खाडीने नाही. खाडी बिचारी तिथी पाळते. तुम्ही फक्त सुट्ट्या पाळता."

पुतळीने हे सगळं घोटून ठेवलेल्या शुद्ध भाषेत ऐकवलं ते एसटीच्या पुढच्या सीटला. गाडी नागोठण्याहून निघून भिसे खिंड चढत होती, आणि इंजिनाच्या घरघरीत कुणाला फारसं ऐकू जात नव्हतं. शेजारी बसलेल्या सासऱ्याला मात्र सगळं ऐकू गेलं. हैबतरावांचं वय ऐंशीच्या घरात, पण कान पाण्यावर वाढलेले. ओहोटी उलटली की अंधारातही त्यांना कळायचं.

"हे साहेबासमोर बोलशील?" त्यांनी विचारलं.

"बोलायला आत तर जाऊ द्यायला पायजे, आबा. म्हनून तर हा रोह्याचा फेरा."

सोमवारी ती पेणच्या कचेरीत गेली होती. शिपायाने दारातच हात आडवा केला. कार्ड आत पाठवायचं, मग साहेब बोलावतात. कार्ड नाही? मग कोण म्हणून सांगू? तिने सांगितलं, सुकीच्या बांधावरची टोळी आलीय म्हणून सांग. शिपाई आत गेला, हसत बाहेर आला. "साहेब म्हणतात, टोळी दरोडेखोरांची असते. नाव, पत्ता, कार्ड घेऊन या. काम कुणाला द्यायचं ते शुक्रवारी ठरणार आहे." उघड्या दारातून तिला दिसलं, साहेबाच्या टेबलावरच्या काचेखाली रंगीत कार्डांची रांग लागली होती आणि त्यात मधोमध ठेकेदाराचं कार्ड होतं. हा तोच ठेकेदार. गेल्या पौर्णिमेला डोंगरातली तांबडी माती ट्रकाने आणून खांडीत ओतणारा. ती माती पहिल्याच भरतीत चहात बिस्किट विरघळावं तशी विरघळली होती.

आज बुधवार, पितृपक्षातली पंचमी. शनिवारी अष्टमी. अष्टमीपासून एकादशीपर्यंत भांगाचं पाणी, म्हणजे भरती अर्धी, जोर अर्धा. खांड बांधायची तर ह्याच चार दिवसांत. हे चार दिवस हुकले की सर्वपित्रीचं उधाण, वर्षातलं सगळ्यात मोठं. उरलेलं अर्धं शिवार आतल्या वीतभर बांधाच्या जिवावर तग धरून होतं. ते एकदा खारं झालं की तीन पावसाळे दाणा नाही. तिचा नवरा पुंडलिक गड्यांना घेऊन तिकडे खांडीत ठोकायच्या मेढी तोडून ठेवत होता, पेंढ्या बांधून ठेवत होता. हुकुमाशिवाय सरकारी बांधाला हात लावला तर गुन्हा. हुकुमासाठी साहेब. साहेबासाठी कार्ड.

काळुरामचा छापखाना रोह्याच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानामागे. पितृपक्षात लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, त्यामुळे यंत्र झाकून ठेवलेलं आणि काळुराम स्वतः अक्षरांच्या खिळ्यांच्या खणांवरची धूळ फुंकत बसलेला. तिथे थोरला दीर दत्तात्रेय आधीच हजर होता. अंगात धाटावच्या कंपनीचा निळा शर्ट, हाताखाली एक चपटा डबा. शेजारच्या बाकावर त्याची बायको सरू, पुतळीची थोरली जाऊ.

"या, आबा. ये गो, पुतळे," दत्तात्रेय म्हणाला. "मजकूर मी करून ठेवलाय. स्टोअरमध्ये बसतो मी, दिवसाला दहा कार्डं हाताखालून जातात. बघा."

त्याने डबा उघडला. दहा वर्षांत कंपनीत येऊन गेलेल्या साहेबांची, सेल्समनची कार्डं त्याने पत्त्यांसारखी लावून ठेवली होती. पुतळीने दोनतीन हातात घेतली, बोट फिरवून पाहिलं. काहींवरची अक्षरं बोटाला लागत होती, काहींची लागत नव्हती. ज्याच्यावर कमी लिहिलेलं ते कार्ड जास्त वजनदार वाटतं, हे तिच्या लगेच ध्यानात आलं.

दत्तात्रेयाने कागद उलगडून वाचला. "मेसर्स हैबतराव अँड सन्स. गव्हर्नमेंट काँट्रॅक्टर्स. बांध, रस्ते, गटारे, इमारती व सर्व प्रकारची कामे. प्रोप्रायटर डी. एच. म्हात्रे."

"इमारती?" पुतळीने विचारलं. "इमारत कंदी बांधलीत, भावजी?"

"लिहावं लागतं गो तसं. धंद्याची रीत असते."

"गटारं पन आपनच?"

"मोठेपणा दाखवावा लागतो. नुसतं खांड बांधतो म्हटलं तर साहेब विचारेल, आणि उरलेलं वर्षभर काय करता?"

"उरलेलं वर्षभर खांड पडू नाय म्हनून बघतो. हेच लिवा."

काळुराम फिसकन हसला आणि दत्तात्रेयाकडे बघून गप्प झाला. वर्षाला चारशे पत्रिका छापणारा माणूस. कुणाच्या घरात कुणाचं नाव आधी घालायचं यावरून तुटलेली सोयरीक त्याने ह्याच टेबलावर पाहिली होती. तो धोरणाने म्हणाला, "नावाचं आधी ठरवा. बाकी मजकूर काय, हलवता येतो. नाव एकदा जुळवलं की मी हलवत नाही."

"ठरलंय की," दत्तात्रेय म्हणाला. "डी. एच. म्हात्रे. मला इंग्रजी येतं, साहेबाशी बोलायची सवय आहे."

"आनि खांडीत उतरायची?" पुतळी म्हणाली.

"त्याला तुम्ही आहातच की."

बोलून गेला आणि मग त्यालाच ते कसंतरी वाटलं, पण शब्द काही छापखान्यातले खिळे नव्हेत, चिमट्याने उचलून परत खणात टाकायला.

तेवढ्यात हैबतराव म्हणाले, "कुनाचंच नाव नको."

सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. "टोळीचं नाव लिवा. सुकीच्या बांधाचं नाव लिवा. मानसाचं नाव खाडीला कळू द्यायचं नाय. आपल्या घरात ती रीत हाय आनि तिचं कारनबी तुमास्नी ठाऊक हाय."

ठाऊक होतं. घरातल्या प्रत्येक सुनेला ते पहिल्याच पावसाळ्यात सांगितलं जायचं. हैबतरावांचा थोरला भाऊ बाबाजी. स्वातंत्र्य मिळाल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी सुकीची मोठी खांड त्याने बांधली. शेवटचा चिखलाचा गोळा त्याने बसवला आणि बांधावरच्या माणसांनी आनंदाने आरोळी ठोकली, बाबाजीनं बांधली! बाबाजीनं बांधली! पुढच्याच उधाणात बाबाजी बांधावरून गेला तो परत आला नाही. तेव्हापासून खांडीवर कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. सगळे नुसते गडी. माती दे गडी, पाय काढ गडी. नारळ वाहतानासुद्धा नाव घेत नाहीत.

"आबा, एक विचारू?" पुतळी सासऱ्यासमोर खाली बसली. "बांधावर ती दगडी पाटी हाय ना, सरकारनं लावलेली. तिच्यावर कुनाचं नाव?"

"ठेकेदाराच्या बापाचं."

"त्याच्या खाली?"

"ह्या ठेकेदाराचं."

"दोघंबी जित्ते. बापाला तर नातवंडं झाली. पाटी खाडीच्या तोंडावर, भरतीचं पानी रोज तिला शिवून जातं. मग खाडीनं त्यांना का नाय नेलं?"

 हैबतरावांच्या खांद्यांना हिसका बसला. ते हसत होते. "ते खांडीत उतरलेच नाय कंदी. खाडी नेनार कुनाला?"

"म्हंजी खाडी नाव बघत नाय, आबा. पाय बघते. बाबाजी मामंजींचं नाव कुठच्या कागदावर नव्हतं, तरी नेलं. आनि आपन तीसपस्तीस वर्सं नाव लपवलं ते फावलं कुनाला? आपन खांडी बांधल्या, नाव दुसऱ्याचं लागलं. खांड फुटली तर मातर, मजुरांचा हलगर्जीपना. तिथं बरं आपली आठवन झाली!"

"बरोबर आहे तिचं," दत्तात्रेय पुढे सरकला. वारं आपल्या बाजूने फिरतंय असं त्याला वाटलं. "म्हणून तर म्हणतो आबा, नाव पाहिजे. घरातल्या थोरल्याचं पाहिजे."

आणि इथे सरू बोलली. आल्यापासून ती पदराने कार्डांच्या डब्याचं झाकण पुसत होती. नवऱ्याच्या बाजूने बसलेली, त्याच्याच बाजूने बोलायला आणलेली.

"तुमच्या पायाला चिखल लागून किती वर्सं झाली हो?"

"सरू!"

"मी विचारते फक्त. आपन रोह्याला यायच्या आधी चौदा वर्सं मी खांडीवर गोळे दिलेत. गर्भारपनीसुद्धा. पानी वर येत असायचं, हात थांबवायची सोय नाय, आनि मागनं आरोळी यायची, दे गडी, दे गडी. बाई असून गडी! एकदा कुनी सरू म्हनून हाक मारली असती तर बरं वाटलं असतं. खाडी घेऊन जाती तर जाती." तिने डब्याचं झाकण खटकन लावलं. "आता पानी कोन वाचतं? कुनी उतरायचं, कुनी निघायचं, हे सांगतं कोन? पुंडलिक भावजी पन हिच्या तोंडाकडं बघतात. हिचं नाव लावा."

 दत्तात्रेयाचा चेहरा लाल झाला. त्याला बायकोचा राग आला होता, आणि त्याहून जास्त राग याचा आला होता की तिच्या बोलण्यात खोटं काढायला जागा नव्हती. पुतळीने जावेकडे पाहिलं. तेरा वर्षं ह्या दोघींत तांदळाच्या वाटणीवरून अबोला येत-जात होता. आज सरूने तो अबोला डब्यात घालून झाकण लावलं होतं.

"बाईचं नाव बघून साहेब हसेल," दत्तात्रेय शेवटचं म्हणाला.

"सोमवारी टोळी म्हटल्यावर हसला. टोळीला हसतो, बाईला हसतो, तर मग हसनाऱ्याला बघून आपन नाव का बदलायचं?" पुतळी म्हणाली. "आबा, तुमी सांगा. तुमी नको म्हनालात तर नको."

हैबतराव बराच वेळ टोपीच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले. सुनेचं नाव कागदावर छापलं जाईल, तो कागद कुठे कुठे जाईल, कधीतरी पाण्यातही पडेल. आपल्या सासऱ्याच्या डोळ्यांत भीती पुतळीने पहिल्यांदाच पाहिली आणि ती भीती आपल्यासाठी आहे हे कळून तिला भरून आलं.

"लाव," ते म्हणाले. "पन एक अट. नाव सांगतेस तर पान्याची येळबी सांग. कार्डाच्या मागं तिथी छाप. कंदी खांड बांधता येते आनि कंदी येत नाय. नाव सांगून जो बिनयेळी उतरंल त्याला खाडी सोडनार नाय. आनि तुला बिनयेळी उतरवतो कोन? तो साहेब. मग त्याच्या हातात तिथी असू दे."

 पुतळीने आठवडाभर डोक्यात घोळवलेलं सगळं भांडण म्हाताऱ्याने बोटभर कागदाच्या पाठीवर बसवलं होतं.

"घे रं काळुराम," हैबतराव डोळे मिटून सांगू लागले, "अष्टमी ते एकादशी, दोन्ही पक्ष, काम व्हईल. पुनव, आवस, त्यांच्या आधीचे दोन दिस, नंतरचे तीन दिस, काम मागू नाय."

काळुरामने खिळे जुळवायला घेतले. पुढच्या बाजूला चार ओळी: पुतळीबाई पुंडलिक म्हात्रे. मुकादम, सुकीचा बांध टोळी. खांड बांधून मिळेल. खाली मुक्काम, गडबजवळ, तालुका पेण, आणि हमरस्त्यावरच्या टायरवाल्याचा फोन नंबर, पुढे पी.पी. असं लिहून. कोपऱ्यात सनईचौघड्याचा ठोकळा फुकट टाकतो म्हणाला, तो नको म्हटल्यावर मोराचा काढला. मोरही नको म्हटल्यावर हिरमुसला. "एवढी जागा कोरी? पांढरी, विधवेसारखी दिसेल."

"कोरी जागा म्हणजे पैसा असतो, काळुराम," दत्तात्रेय म्हणाला. डब्यातलं एक कार्ड काढून त्याने यंत्रावर ठेवलं. "मोठ्या साहेबांची अशीच असतात. नाव जाड, बाकी बारीक. नावाच्या वर अर्धा बोट जागा सोड, खाली त्याहून जास्त. आणि कागद हा. असला जाड. पैसे माझ्या नावावर मांड." मान वर न करता तो बोलत होता, पण नाव जाड कसं दिसेल याचीच काळजी आता त्याच्या बोटांत आली होती.

पहिला छाप निघाला. पुढची बाजू नामी. मागे तिथी, आणि तिथींच्या खाली ठळक ओळ: कृपया आहेर आणू नये.

"हे काय?" दत्तात्रेय ओरडला.

काळुरामने कपाळावर हात मारला. लग्नपत्रिकेची शेवटची ओळ वर्षभर तशीच बांधून ठेवलेली असायची; पंधरा वर्षांच्या सवयीने हाताने ती आपसूक चौकटीत बसवली होती.

"राहू दे की," सरू म्हणाली, "साहेबाला आठवन राहील." आणि मग सगळेच हसले, हैबतराव तर डोळे पुसेपर्यंत. ती ओळ निघाली. तो एक चुकलेला छाप सरूने मात्र जपून कमरेला खोचला.

"किती काढू? पंचवीस?" काळुरामने विचारलं.

"शंभर," पुतळी म्हणाली.

"शंभर कशाला गो? साहेब एक आहे," दत्तात्रेय म्हणाला.

"साहेब एक हाय. घरं त्रेसष्ट हायत."

शुक्रवारी साडेदहाला ती पेणच्या कचेरीसमोर उभी राहिली. तिने कार्ड शिपायाच्या हातात दिलं. शिपायाने ते उलटसुलट पाहिलं, आत नेलं, बाहेर आला. "बसा. आत ठेकेदार आहेत. चहा चाललाय."

ती बसली. मागून तिच्या गावचा काळा, दणकट विठू पुढे आला. त्याने खिशातून कार्ड काढलं. शिपाई ते घेऊन आत गेला. बाहेर आला तर सगुणा उभी, हातात कार्ड. मग गोदूबाई. मग सखा.

सुकीच्या बांधाची रीत जुनी आहे. खांड पडली की घरटी एक माणूस जायचं, कुणी बोलवायला येत नाही. त्या रीतीने त्रेसष्ट घरांतून त्रेसष्ट माणसं दोन टेम्पोंतून वडखळच्या नाक्यावरून पेणला आली होती, फक्त ह्या वेळी खांड कचेरीत होती. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. प्रत्येकजण रांगेत येत होता आणि रीतसर कार्ड आत पाठवत होता. साहेबानेच सांगितलं होतं, कार्ड पाठवा.

"कोण आलंय?" आतून आवाज आला.

"पुतळीबाई म्हात्रे, साहेब."

"सांगितलं ना, बसा म्हणून. आणि आता कोण?"

"पुतळीबाई म्हात्रे, साहेब."

एकतिसाव्या कार्डाला शिपाई घामाघूम झाला. अडतिसाव्याला साहेब स्वतः दारात आला. व्हरांडा माणसांनी भरलेला, जिना भरलेला, खाली आवारात निळा शर्ट घातलेला दत्तात्रेय. शिफ्ट बुडवून आलेला, आबांच्या डोक्यावर छत्री धरून उभा.

"पुतळीबाई कोण?"

"मी."

आत ठेकेदार चहाचा कप घेऊन तसाच बसला होता. काचेवर कार्डांचा ढीग पडला होता, आणि त्या ढिगाखाली सगळी रंगीत कार्डं झाकून गेली होती. साहेबाने एक उचललं, पाठ फिरवली. "हे काय, पंचांग छापलंय?"

"व्हय. आज सप्तमी. उद्यापास्नं चार दिस भांगाचं पानी. तुमच्या मागच्या हुकुमाची तारीख काढा आनि ह्या कार्डावर ती कुठं बसते ती बघा."

साहेबाने कारकुनाला फाईल मागितली. तारीख त्याने वाचली आणि मागची ओळ वाचली. काम मागू नये. त्याने ठेकेदाराकडे पाहिलं. ठेकेदाराने कप खाली ठेवला.

"माती कुठली वापरणार?" साहेबाचा आवाज उतरला होता.

"खाजणातलीच चिकनमाती. तुमचा ट्रक नको. मेढी तोडून ठेवल्यात, पेंढ्या बांधून ठेवल्यात. मानसं बाहेर उभी हायत, तुमी मोजू शकता. कागद तेवढा द्या."

कागद टाइप व्हायला पाऊण तास लागला. अष्टमी ते एकादशी, सुकीचा बांध टोळी, मुकादम पुतळीबाई पुंडलिक म्हात्रे. साहेबाने खाली सही ठोकली, एक उभी रेघ आणि एक वळसा, आणि कागद तिच्याकडे सरकवला. "झालं समाधान? निघा आता."

तिने कागद वरपासून खालपर्यंत बोट लावून वाचला. उठली नाही.

"ह्याच्यावर तुमचं नाव नाय."

"सही आहे ना?"

"सही मागच्या कागदावरबी व्हती. अशीच रेघ, असाच वळसा. बांध वाहून गेला तेव्हा ती कुनाची ते कचेरीत एकालाबी वाचता आलं नाय." तिने कागद परत त्याच्यासमोर ठेवला आणि शेजारी आपलं कार्ड, नाव वर करून. "आमी खाडीपास्नं नाव लपवत व्हतो, साहेब, ती मानूस नेते म्हनून. माझं नाव आता तुमच्या टेबलावर अडतीस येळा पडलंय. तुमी तुमचं कुनापास्नं लपवता? लिवा सहीखाली, आनि बाहेर मानसं उभी हायत त्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवा. त्यांनाबी कळू दे, पुनवेला खांड बांधा म्हनून कुनी सांगितलं?"